दोन आखूड, एक लांब

बाबांनी आम्हा दोघी बहिणींची नावं गाडीवरून ठेवली होती. ताई जरा काही झालं की भोकाड पसरायची, म्हणून ती हॉर्न. मी कशालाही आधी नाही म्हणायचे, म्हणून मी ब्रेक. "हॉर्नशिवाय गाडी चालेल, ब्रेकशिवाय नाही," असं ते मला एकटीला गाठून सांगायचे. ताईला एकटीला गाठून नेमकं उलटं सांगायचे. मोठ्या झाल्यावर एकदा आमचं कडाक्याचं भांडण झालं तेव्हा हे उघडकीला आलं. बाबांना जाब विचारला, तर म्हणाले, "त्या दिवशी दोघी नीट जेवलात ना? मग झालं."

ते शहराची बस चालवायचे. पाळी संपली की रिकामी बस डेपोत नेताना आमच्या गल्लीच्या तोंडाशी हॉर्न द्यायचे. दोन आखूड, एक लांब. त्यात निरोप असा काही नव्हता. मी आलोय, एवढंच. रस्त्यावर दिवसभर हॉर्न वाजायचे, आई ढिम्म हलायची नाही. हा वाजला की उठून गॅस पेटवायची. आई जाऊनही आता बरीच वर्षं झाली.

मी इंजिनिअर होऊन बिनतारी यंत्रांच्या कंपनीत लागले तेव्हा बाबांनी विचारलं होतं, "म्हणजे तू नेमकं करतेस काय?"

"तुमचा हॉर्न ओळखते," मी म्हटलं.

ते काही अगदीच खोटं नव्हतं. आमचं यंत्र खांबावर बसून आसपासच्या इमारतींच्या तळघरांमधल्या पाण्याच्या मीटरांचं ऐकतं. हवेत सतत खरखर असते. त्यामुळे प्रत्येक मीटर आपला आकडा सांगण्याआधी एक ठरलेला नमुना पाठवतो. नमुन्यात माहिती काहीच नसते. मी आलोय, इथून पुढे नीट ऐक, इतकंच. यंत्र तो नमुना खरखरीवर पुढेमागे सरकवून बघतं, कुठे जुळतोय का. किती जुळला की खरा मानायचा, ती रेघ मी ओढते. कुठल्या मीटरसाठी कान कधी उघडायचा आणि कधी मिटायचा, तेही मीच ठरवते.

माझी रेघ फार वर असते आणि कान जेमतेम उघडा असतो, अशी ऑफिसात माझी ख्याती आहे. त्याला कारण आहे. नसलेलं ऐकू आलं तर गिऱ्हाईक फोन करून शिव्या घालतं. असलेलं ऐकायचं राहून गेलं तर कुणाचाही फोन येत नाही.

बाबांना झटका आला तेव्हा मी ऑफिसातच होते. ताईचा फोन आला, ती रडत होती, मी "येते" म्हटलं आणि चालू असलेलं काम संपवून निघाले. त्या क्षणापासून मला काही वाटेनासं झालं. दाढ काढताना इंजेक्शन दिलं की आपलाच गाल परका लागतो, तसं. मी जेवत होते, झोपत होते, बिलं भरत होते. वॉर्डात जात होते, परत येत होते. लोक हात हातात घेऊन "धीर धर" म्हणायचे. धीर सुटला असता तर धरला असता.

बाबांची उजवी बाजू गेली होती आणि वाचा गेली होती. डोळे उघडे असायचे. डाव्या हाताचा अंगठा तेवढा हलायचा. थेरपिस्ट बाईंनी ठरवून दिलं होतं, एकदा उचलला तर हो, दोनदा उचलला तर नाही. अंगठा हलायचा, पण भलत्याच वेळी. मध्येच एकदा, मध्येच दोनदा. प्रश्नाशी काही मेळ नाही. बाई रोज यायच्या, रोज तेच.

मग डॉक्टरांनी आम्हा दोघींना व्हरांड्यात बोलावलं.

"हा वॉर्ड प्रतिसाद देणाऱ्या पेशंटांसाठी आहे," ते म्हणाले. "सोमवारी मी स्वतः तपासणार. उत्तरं प्रश्नांशी जुळली तर थेरपी चालू राहील. नाही तर त्यांना मागच्या इमारतीत हलवावं लागेल. तिथेही काळजी घेतात, बरं का."

मागची इमारत मी बघून आले होते. काळजी घेत होते, खोटं कशाला बोला. चादरी स्वच्छ होत्या, कुशी वेळेवर बदलत होते, नळीतून अन्न जात होतं. फक्त तिथे कुणी कुणाला काही विचारत नव्हतं. तिथून इकडे परत आलेलं कुणी नर्सबाईंना आठवत नव्हतं.

त्या संध्याकाळी ताई बाबांच्या खाटेशी वाकली. "बाबा, मला ओळखलंत ना?"

काही झालं नाही. ती तशीच वाकून बघत राहिली. तिच्या त्या बघण्याचा मला राग आला. रागसुद्धा पुरता नाही, नुसता कंटाळा.

"पुरे कर ताई," मी म्हणाले. "त्यांना आता काही कळत नाही. अंगठा हलला की तुला वाटतं बोलले. तू स्वतःला फसवतेयस. जाऊ दे त्यांना मागच्या इमारतीत. आपणही जरा मोकळ्या होऊ."

अंगठा उचलला गेला. एकदा.

"बघ! बघ, उचलला!" ताई ओरडली.

"हो म्हणाले. कशाला? मागच्या इमारतीला?"

ताईचा चेहरा पडला. मग ती माझ्यावर घसरली आणि खाटेकडे पाठ करून आम्ही दोघी दबक्या आवाजात भांडलो. ती म्हणाली, तू दगड आहेस. मी म्हटलं, असेन. भांडण संपल्यावर आम्ही पिशव्या उचलल्या आणि निघालो.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात आमचा वकील माझ्या टेबलाशी येऊन उभा राहिला. तो वकील नाही, माझ्यासारखाच इंजिनिअर आहे, पण प्रत्येक गोष्टीत फाटे फोडतो म्हणून नाव पडलंय. थंडी सुरू झाल्यापासून जुन्या वसाहतीतले बरेच मीटर गप्प झाले होते. साहेबांनी मला विचारलं होतं, मेले का? मी सगळं तपासून सांगितलं होतं, मेले. नवे बसवायचं ठरत होतं.

"तुमचे मेलेले मीटर बोलतायत," वकील म्हणाला.

"शक्य नाही."

"काल चाचणी लावली आणि कान बंद करायला विसरलो. जेवायला गेलो तो गप्पाच मारत बसलो, तुम्हाला माहितीये माझं. परत येऊन बघतो तर सगळे हजर."

मी त्याच्या पडद्यावर बघितलं. खरंच होते. थंड तळघरांत मीटरांमधली घड्याळं सुस्तावली होती. आपली पाळी आली असं त्यांना वाटायचं तोवर आमचा कान मिटलेला असायचा आणि पुढच्या मीटरची पाळी सुरू झालेली असायची. त्याच्या वेळेत याचं बोलणं सांडायचं. आमचं यंत्र म्हणायचं, कचरा आहे, टाकून द्या.

"मेलेलं कुणी नाही," वकील म्हणाला. "तुमच्या वेळात बसत नाहीत, एवढंच."

"मग कान जास्त वेळ उघडा ठेवू," मी म्हटलं आणि साहेबांना तसं कळवून टाकलं. तेव्हाही माझ्या डोक्यात फक्त मीटर होते. मुद्दाम सांगते, कारण नंतर ताई सगळ्यांना सांगत सुटली की माझ्या बहिणीला ऑफिसात लख्ख प्रकाश पडला. प्रकाशबिकाश काही पडला नाही. मी डबा खाल्ला आणि लवकर सुटून वॉर्डात गेले.

थेरपिस्ट बाई बाबांजवळ बसल्या होत्या. ताई उशाशी होती. मी पायाशी उभी राहिले, कारण खुर्ची नव्हती. पायाशी उभं राहिलं की पेशंटचा हात समोर दिसतो. आजवर मी नेहमी उशाशी, चेहऱ्याकडे बघत बसले होते.

बाईंची पद्धत ठरलेली होती. प्रश्न सावकाश दोनदा विचारायचा, थोडं थांबायचं, कागदावर खूण करायची, हसून पुढचा प्रश्न.

"तुम्ही बस चालवायचात का?"

अंगठा गप्प. खूण. हसू.

"तुम्ही लहान बाळ आहात का?"

बाई दुसऱ्यांदा विचारत असतानाच अंगठा उचलला गेला. एकदा. ताईने कपाळाला हात लावला. खूण.

"आपण आता दवाखान्यात आहोत का?"

अंगठा दोनदा उचलला गेला. बाईंनी खूण केली आणि पुढच्या प्रश्नासाठी तोंड उघडलं.

"थांबा," मी म्हटलं. "पुढचं विचारू नका."

"का हो?"

"नुसतं थांबा. बोलू नका कुणी."

तिघी गप्प राहिलो. दवाखान्यात पेशंटसमोर गप्प बसणं किती अवघड असतं ते मला तेव्हा कळलं. बाईंची बोटं कागदाशी चाळा करत होती. ताईच्या ओठांवर शब्द येऊन ठेपले होते, मी हात वर करून ते अडवून धरले. शेजारच्या खाटेवरचे आजोबा खोकले. पाण्याचा नळ कुठेतरी सुरू झाला आणि बंद झाला.

अंगठा उचलला गेला. एकदा. आपण दवाखान्यात आहोत. म्हणजे मघाचं 'नाही' बाळाला होतं, आणि त्याआधीचं 'हो' बसला.

ताईला काही उमगलं नव्हतं. बाईंना उमगलं, कारण त्या कागद हातात तसाच धरून बाबांकडे बघत राहिल्या. मला मात्र विश्वास ठेवायचा नव्हता. एखादा ठोका बरोबर पडतो, दोनही पडतात. खरखरसुद्धा कधी कधी शब्दासारखी ऐकू येते. आमच्या धंद्यात एवढ्यावर कुणी सही करत नाही. मला असं काहीतरी हवं होतं जे खरखरीतून चुकून तयार होणारच नाही.

मी ताईच्या डब्यातला चमचा घेतला. खाटेच्या लोखंडी कठड्यावर टक् केलं, पुन्हा टक् केलं, आणि मग चमचा दांड्यावरून लांबवर ओढत नेला.

ताईने झटकन माझ्याकडे बघितलं. तिला कळलं होतं. पण ती बोलली नाही. बोलायचं सोडून ती रडायलाच लागली, अगदी निःशब्द. आमच्या हॉर्नला आवाज न करता रडताना मी पहिल्यांदा पाहिलं.

आम्ही थांबलो. जवळजवळ अर्धं मिनिट गेलं असेल.

अंगठा वर, खाली. वर, खाली. मग वर गेला आणि वरच राहिला. थरथरत होता, पण बाबांनी तो खाली येऊ दिला नाही. लांब म्हणजे लांब.

"म्हणजे त्यांना सगळं कळतंय?" ताईने विचारलं.

"उशिरा कळतंय. पण कळतंय."

मला आनंद व्हायला हवा होता. ताई बाबांचे हात चेपत होती, बाई दुसऱ्या थेरपिस्टना बोलवायला धावल्या. मी मोबाइल काढून वेळ मोजत होते. पुन्हा चमचा ओढला, पुन्हा मोजलं. दर वेळी साधारण तेवढाच उशीर. बरं आहे, म्हटलं. उशीर ठरावीक असला की काम सोपं होतं. यापलीकडे माझ्या डोक्यात काही आलं नाही.

आलं ते घरी जाताना, लिफ्टमध्ये. काल ताईने विचारलं होतं, मला ओळखलंत ना. त्याला उत्तर आलं नाही म्हणून मी बोलायला लागले. माझं बोलून संपता संपता अंगठा उचलला गेला होता. तो ताईचा होकार होता. तिला ओळखलं होतं त्यांनी. म्हणजे त्यापुढचं माझं बोलणंही त्यांनी पूर्ण ऐकलं होतं. मोकळ्या होऊ, हेसुद्धा. आणि त्यावर त्यांना काही म्हणायचं असेल, तर ते त्यांनी म्हटलं असणार तेव्हा आम्ही दोघी खाटेकडे पाठ करून भांडत होतो.

लिफ्ट खाली पोचून दार उघडलं. एक माणूस "उतरताय ना?" म्हणाला. मी उतरले. घरी जाऊन कपडे धुतले, वाळत घातले. काही वाटलं नाही.

सोमवारी डॉक्टर आले ते घाईतच. अजून चार खाटा तपासायच्या होत्या. बाईंनी त्यांना सगळं सांगून ठेवलं होतं, तरी चेहऱ्यावर नातेवाइकांविषयीची ती जुनी सहनशीलता होतीच.

"प्रत्येक प्रश्नानंतर अर्धं मिनिट गप्प बसावं लागेल," मी म्हटलं. "आणि प्रश्नाच्या आधी चमचा."

"चमचा," डॉक्टर म्हणाले.

"हो. त्यांनी चमच्याला उत्तर दिलं की समजायचं, लक्ष आहे. मग विचारायचं."

त्यांनी चमचा घेतला. डॉक्टर लोकांना चमच्याने औषध द्यायची सवय असते, चमचा वाजवायची नसते. लांब ओढताना तो त्यांच्या हातून पडला. पुन्हा केलं. थांबलो. बाबांनी दोन आखूड एक लांब दिला.

पहिल्या प्रश्नानंतर डॉक्टरांचा हात आपोआप घड्याळाकडे गेला. दुसऱ्यानंतर त्यांचा मोबाइल वाजला आणि ताईने, माझ्या ताईने, ओठांवर बोट ठेवून डॉक्टरांना "श्श" केलं. त्यांनी तो निमूट बंद केला. उत्तरं येत गेली. बस चालवत होतात? हो. मी तुमचा मुलगा आहे का? नाही. तुम्हाला दोन मुली आहेत? हो. शेजारी कुणी घोडा आहे का? नाही. एकही चुकलं नाही.

डॉक्टर आता खुर्ची ओढून बसले होते. चार खाटा विसरले असावेत.

"आजोबा, शेवटचं," ते म्हणाले. "मी चांगला डॉक्टर आहे का?"

आम्ही थांबलो. अंगठा उचलला. डॉक्टरांनी मान डोलावली. तो पुन्हा उचलला.

पहिले हसले ते डॉक्टरच. मग बाई, ताई, शेजारचे आजोबा, सगळे. हे उत्तर जुळणारं धरायचं का, असं डॉक्टर बाईंना विचारत होते. बाबांचा चेहरा हलत नव्हता, पण त्यांना आमचं हसणं ऐकू जात होतं, उशिरा का होईना. त्यांची थेरपी चालू राहणार होती. खाट तीच राहणार होती. मीही हसले. तोंडाने.

सगळे गेल्यावर ताई बाबांचे धुतलेले कपडे आणायला खाली गेली. मी पायाकडची जागा सोडून बाबांच्या डाव्या हाताशी बसले. चमचा उचलून कठड्यावर वाजवला. ते हजर होते.

"बाबा," मी म्हटलं, "मी त्या दिवशी ताईला म्हणाले, मागच्या इमारतीबद्दल. आपण मोकळ्या होऊ, असं म्हणाले. ते तुम्ही ऐकलंत का?"

आणि गप्प बसले. मला आता त्यांचा उशीर तोंडपाठ झाला होता, मोबाइल बघावा लागत नव्हता. त्यांच्या हातावर सलाइनच्या सुईचा हिरवा डाग होता. नखं वाढली होती. आयुष्यभर स्टिअरिंग धरून तळव्याला पडलेले घट्टे अजून तसेच होते, मऊ झाले नव्हते. वेळ झाली. अंगठा हलला नाही.

मी थांबले. नर्सबाई औषधांची गाडी घेऊन आल्या, शेजारच्या आजोबांना गोळी दिली, गेल्या. तरी नाही. मला वाटलं, दमले असतील. झोपले असतील. पण डोळे उघडे होते आणि माझ्याकडे होते. ऑफिसात मी इतका वेळ कुठल्याही यंत्राला थांबू दिलं नसतं. केव्हाच कान मिटून पुढच्याकडे वळायला लावलं असतं.

अंगठा उचलला गेला. खाली आला. मग पुन्हा उचलला गेला.

नाही.

मी तो अंगठा बघत राहिले. दिवसभरात त्यांनी एकाही प्रश्नाला इतका वेळ घेतला नव्हता. उशीर ठरावीक होता, मी स्वतः मोजला होता. त्यावरचा हा जास्तीचा वेळ आजाराचा नव्हता. तेवढ्या वेळात ते विचार करत होते, हिला काय सांगावं. दोन मुलींना दोन वेगळ्या गोष्टी सांगून दोघींना जेवायला घालणारा माणूस होता तो. त्यांनी ऐकलं होतं, शब्दन् शब्द ऐकला होता, आणि मला ते कळू नये म्हणून सगळा जोर लावून अंगठा दुसऱ्यांदा उचलला होता.

माझ्या रेघेच्या हिशेबाने ते उत्तर टाकून द्यायचं होतं. वेळेबाहेर आलेलं, न जुळणारं. मी ते ठेवून घेतलं.

"बरं झालं," मी म्हटलं. "नाही ऐकलंत ते बरं झालं."

आणि मग मला वाईट वाटलं. झटका आला त्या दिवसापासूनचं, आईचंसुद्धा, सगळं एकदम वाटायला लागलं, आणि ते इतकं दुखलं की मी खाटेच्या कठड्याला धरून बसले. बाबा बघत होते.

ताई कपड्यांची पिशवी घेऊन आली. माझा चेहरा बघून दारातच थबकली.

"काय झालं गं?"

मी कठडा धरून तशीच बसले. एरवी एवढ्यात तिचे आणखी दहा प्रश्न येऊन पडले असते. तिने पिशवी खाली ठेवली, माझ्याशेजारी स्टूल ओढलं, आणि काहीएक न विचारता थांबून राहिली.